तिवराचं रान

टेपचं टोक मुठीत धरून राघो गुडघाभर चिखलात उभा होता आणि पत्र्याच्या कुंपणापाशी उभा राहून प्रभाकर त्याला शिव्या घालत होता. बूट नवे होते, पांढरे होते, म्हणून तो आत पाऊल टाकत नव्हता. एवढी जमीन हातची चालली होती आणि गड्याला बुटांची काळजी!

"दादा, तूच केलंस हे! उघाडीच्या फळ्या तूच काढल्यास!"

"मी? म्हातारा माणूस मी. निसर्गापुढं माझं काय चालतंय?"

हे वाक्य राघोचं नव्हतंच. ते प्रभाकरचं होतं आणि राघोने ते कित्येक पावसाळे सांभाळून ठेवलं होतं.

दोघे सख्खे चुलतभाऊ. डोंबिवलीच्या खाडीकाठी दोघांच्या बापांनी एकाच मिठागरात घाम गाळलेला. मिठागर बंद पडलं, वाटण्या झाल्या. राघोला घर आणि खाडीकडचा बांध मिळाला, प्रभाकरला बांधाआतलं खाजण, म्हणजे सखल खारी जमीन. गावातलं पावसाचं पाणी त्या खाजणातल्या ओहोळातून खाडीला जायचं. प्रभाकरला तिथे टॉवर उठवायचा होता. ट्रकांना रस्ता हवा म्हणून त्याने ओहोळात राडारोडा ओतला. त्या पावसाळ्यात पाणी राघोच्या घरात शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. विमलाबाई, राघोची बायको, त्याच पाण्यात भांडीकुंडी गोळा करत फिरली. तिच्या पायांना भेगा होत्या. लेप्टोचा ताप चढला आणि हॉस्पिटलातून ती परत आली नाही.

तेराव्याला प्रभाकर ठाण्याहून गाडी घेऊन आला. "हवामानच बदललंय रे दादा, टीव्हीवर रोज सांगतात. निसर्गापुढं कोणाचं चालतंय?" असं म्हणाला आणि भात पुन्हा मागून घेतला. राघोने वाढला. पण त्या दिवशी पोटात जे पेटलं ते काही विझलं नाही.

मिठागरातल्या माणसाचा जन्माचा वैरी म्हणजे तिवर. खाऱ्या चिखलात उगवणारं हे झाड बांधात मुळं घालतं, बांध फोडतं. म्हणून दिसलं की उपटायचं. राघो लग्नाच्या वरातीत चालता चालता वाकून तिवर उपटायचा, विमलाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

तोच राघो त्या श्रावणात बांधावर गेला आणि उघाडीच्या फळ्या काढून आला. उघाडी म्हणजे बांधाचं दार. फळ्या असल्या की भरती बाहेर राहते, नसल्या की आत येते. भरती आली आणि येताना तिवराच्या बिया घेऊन आली. कोंब फुटले तेव्हा राघोने गावच्या म्हशी हाकलल्या, बकऱ्या हाकलल्या. प्रभाकर ठाण्यात बसून बिल्डरशी बोलणी करत होता. खाजणाभोवती त्यानेच उंच पत्रे ठोकले होते, त्यामुळे आत काय वाढतंय ते कुणाला दिसलं नाही. रान छातीभर झाल्यावर राघोनेच सरकारदरबारी तक्रार केली. कॉलेजच्या पोरांनी येऊन त्याला 'पर्यावरणमित्र' म्हणून शाल दिली. कसला मित्र न् कसलं काय! त्याला प्रभाकर मातीत गेलेला बघायचा होता, बास.

आणि आज मोजणी होती. तिवराच्या रानात बांधकाम नाही, आणि शेवटच्या झाडापासून पुढे पन्नास मीटरही नाही. बिल्डरने सकाळीच फोनवर हात वर केले होते.

मोजणीच्या ऋजुता मॅडम टेप गुंडाळत राघोजवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, ही कडेची चार रोपं आहेत ना, ती धरली तर तुमचं घरही हद्दीत येतं. मग वरचा मजला विसरा."

राघोने घराकडे पाहिलं. अंगणात स्लॅबच्या सळया येऊन पडल्या होत्या. दारात सून उभी होती, कल्पिता. दीड खोलीत पाच माणसं. त्या मजल्यासाठी तिने मंगळसूत्र मोडलं होतं.

"मी गाडीतून पाण्याची बाटली घेऊन येते," मॅडम म्हणाल्या. "आल्यावर शेवटचं माप घेऊ." आणि मागे न बघता गेल्या.

प्रभाकरनेही ऐकलं होतं. तो बुटांसकट चिखलात उतरला.

"दादा, उपट ती चार रोपं! तुझं घर सुटेल, माझी रस्त्याकडची पट्टी सुटेल. एक बिल्डिंग तरी उभी राहील रे. पाया पडतो तुझ्या!"

"बाबा, चारच तर हायत," कल्पिता अंगणातून धावत आली. "उपटा ना. नायतर मी उपटते."

"हात नाय लावायचा!"

ती जागीच थांबली. "आई असत्या तर त्यांनी कधीच उपटली असती," ती म्हणाली.

राघो खाली वाकला. विमला उपटून मोकळी झाली असती, हे त्यालाही ठाऊक होतं. रोप बोटभर जाडीचं होतं, एका हिसक्याचं काम. त्याने बुंधा धरला आणि मान वर करून प्रभाकरकडे पाहिलं. प्रभाकरच्या तोंडावर आशा आली होती. तेराव्याला दुसऱ्यांदा भात मागताना होता, अगदी तसाच तो निवांत दिसायला लागला होता.

राघोने बुंधा सोडला. दोन्ही हातांनी चिखल ओढून त्याने रोपाच्या मुळाशी नीट दाबून बसवला.

ऋजुता मॅडम परत आल्या. चारही रोपं जागेवर बघून त्यांनी टेप पुन्हा उलगडली.

"काका, कुठून धरायचं?"

"इथनं," राघो म्हणाला आणि सर्वांत पुढच्या रोपाला टेप लावून बसला.

टेप कुंपणावरून, अंगणातल्या सळयांवरून सरकत घरापर्यंत गेली. कल्पिता दारात परतली होती. तिने उंबऱ्यावरून पाय मागे घेतला आणि टेपला आत वाट दिली. इकडे प्रभाकर चिखलात बसून मोठ्याने रडायला लागला होता. त्याला रडताना बघून राघोला फार फार बरं वाटलं. तो त्याच्याकडेच बघत राहिला. घराकडे त्याने मान वळवली नाही.