खोक्याची मागची बाजू

“कंट्री ऑफ ओरिजिन: चायना,” नलिनीबाईंनी इतक्या खणखणीत आवाजात वाचलं की पलीकडच्या काउंटरवरच्या सरदारजींनी हातातला कुकर खाली ठेवला.

सुरी घ्यायला आलेली तरुण बाई ओशाळली. “लेकिन आंटी, आगे तो जर्मन स्टील लिखा है.”

“आगे का हिस्सा बेचने के लिए होता है, बेटा. पढ़ना पीछे का.” नलिनीबाईंनी खोकं उलटं करून मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. “जर्मन स्टील मतलब लोहा वहाँ का होगा. डिझाइन्ड इन मतलब नक्शा किसका. पॅक्ड इन मतलब डब्बे में किसने डाला. छुरी बनी कहाँ, वो सिर्फ इस लाइन में है.”

“मतलब अच्छी नहीं है?”

“किसने कहा? बहुत अच्छी है. मेरे घर में यही है. पर है चायना की.”

बाई सुरी घेऊन गेली. पंधरा मिनिटांत बहिणीला घेऊन परत आली आणि आणखी दोन घेऊन गेली. बावीस सेक्टरातल्या वालियांच्या भांड्यांच्या दुकानात हे असंच चालायचं, आणि मी ते रोज दुपारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघायचो. मला तिथे काही काम नव्हतं. सेक्रेटरिएटमधून निवृत्त होऊन मला सोळा वर्षं झाली होती आणि घरचा चहा सुनेच्या हातचा होता. वालियांचा चहा आल्याचा असायचा. त्याच्या बदल्यात मी गिऱ्हाइकांचं मनोरंजन करायचो, म्हणजे थापा मारायचो. तवा घेणाऱ्याला मी सांगायचो की कालक्याच्या एका हलवायाचा तवा इतका जुना आहे की आता त्याच्यावर पीठ नुसतं दाखवलं तरी पराठा होतो. लोक हसायचे, तवा घ्यायचे.

नलिनीबाई म्हणजे माझा मित्र शिशिर याची बायको. शिशिर एकोणचाळीस सेक्टरातल्या संस्थेत शास्त्रज्ञ होता. बाई मूळच्या मिरजेच्या. इथल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी एकोणतीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं सांभाळली. ऑपरेशनच्या आधी एकीनं ट्रेवरची यादी मोठ्यानं वाचायची, दुसरीनं हत्याराला बोट लावून “आहे” म्हणायचं. पोट शिवण्याआधी पुन्हा तेच. ही त्यांची नोकरी. एकदा एक चिमटा कमी भरला. सर्जन मोठे, चिडके, सुई-दोरा हातात घेऊन उभे. बाई म्हणाल्या, “शिवायचं नाही.” दोन तास सगळे थांबले आणि चिमटा निघाला सर्जनच्या बुटावर चढवलेल्या कापडी पिशवीत. मी सांगताना दोन तास म्हणतो. खरं तर वीस मिनिटं असतील. पण सर्जन थांबले होते, हे सोळा आणे खरं.

निवृत्तीनंतर वालियांकडे कामाला लागल्या तेव्हा ती वाचायची सवय बाई दुकानात घेऊन आल्या. काउंटरवरून खोकं पलीकडे जाण्याआधी मागची बाजू पूर्ण वाचायची: वस्तू काय, नग किती, आयात कुणी केली, कुठल्या महिन्यात, आणि कुठे बनली. पहिल्या आठवड्यात वालियांनी कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या महिन्यात बघतात तो काय, सुऱ्यांची विक्री दुप्पट. सेक्टर-सेक्टरांत बोलबाला झाला की बावीसमध्ये एक मराठी आंटी आहे, ती खोटं बोलत नाही.

आता माझं पाप सांगतो.

नोव्हेंबरात एका दुपारी बाई बँकेत गेल्या होत्या. आपण जिवंत आहोत असं पेन्शनवाल्यांना दरवर्षी दाखवावं लागतं, त्यासाठी. दुकानात मोहालीचं एक कुटुंब आलं. सुऱ्या बघत होते, मन होत नव्हतं. वालिया माझ्याकडे बघायला लागले. मी चहाचा घोट घेतला आणि सुरुवात केली. “जर्मनी में एक गाँव है जी. वहाँ का लोहार छुरी बना के प्याज के सामने पकड़ता है. छुरी देखते ही प्याज खुद रो पड़े तो पास. नहीं तो भट्ठी में वापस.” कुटुंब पोट धरून हसलं. आजोबांनी पाच सुऱ्या घेतल्या.

ते हसले आणि विसरले. वालिया विसरले नाहीत.

वालिया काही वाईट माणूस नाही. फोनवरून घरपोच भांडी विकणाऱ्यांनी त्यांचं निम्मं गिऱ्हाईक नेलं होतं, रात्री झोप येत नाही असं ते मला दोनदा म्हणाले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाळीस खोकी काउंटरवर आली, एकेका खोक्यात सहा सुऱ्यांचा संच. प्रत्येकाच्या मागे एक गोल सोनेरी कागद, बरोबर त्या मुंगीच्या ओळीवर. मेड इन जर्मनी.

बाईंनी एक खोकं उचललं, चष्म्याखालून बघितलं, ठेवलं.

“मॅडमजी,” वालिया हळूच म्हणाले, “आपको कुछ नहीं करना. चिपकाना हो गया है. आप बस पढ़ो. जैसे रोज पढ़ते हो.”

सात वाजता आम्ही बसस्टॉपकडे निघालो. वाटेत बाई एकदम थांबल्या.

“काय ओ भाऊजी, कांदा रडतो ही थाप तुमचीच ना?”

“माझीच.”

“वाटलंच. एवढं रिकामं डोकं दुसऱ्या कुणाचं?”

“अहो, गंमत होती. तुम्ही वाचता ते काय आणि मी बोलतो ते काय, दोन्ही शब्दच की.”

“नाही ओ. तुम्ही थाप मारता तेव्हा तुमचं तोंड समोर असतं. ऐकणारा तुमच्याकडे बघतो आणि ओळखतो, म्हातारा लबाड आहे. या चिकटवलेल्या कागदाला तोंड आहे का? ते माझं तोंड मागतायत.”

“मग नाही म्हणा. पेन्शन आहे तुम्हाला.”

“पेन्शन आहे हो.” त्या पुन्हा चालायला लागल्या. “शिशिर गेल्यावर चौदा महिने मी घरी बसले. ज्ञानदाचा फोन येतो पुण्याहून, ती हिंदीत बोलते, ‘मम्मी, ठीक हो? पक्का?’ मी म्हणते पक्का. झालं. दिवसभरात मोठ्यानं बोलावं असं काही नसतं घरात. एकदा तर मी गॅसच्या सिलिंडरवरचं वाचून काढलं. मोठ्यानं.” हसल्या. “इथे माझं कुणीतरी ऐकतं. ते सोडायचं तर सोपं नाही, भाऊजी.”

त्यांची पिंजौरची बस आली. मला वाटलं, तो सोनेरी कागदच वाचतील. कुणीही वाचलं असतं.

शनिवारी दुपारी मधुरिमा आली. एअरफोर्समधल्या विंग कमांडरची बायको, मूळची नाशिकची, वर्षभरापासून इथे. युनिटमधल्या बायकांना नव्या वर्षाची भेट द्यायची होती. सबंध चाळीस खोकी हवी होती. वालियांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

“काकू, मला यातलं काही कळत नाही हं,” मधुरिमा म्हणाली. “पण मी सगळ्यांना सांगून आलेय, आमच्या काकू वाचून देतात. तुम्ही वाचा, मी डोळे मिटून घेते.”

वालियांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मी कप तोंडाला लावला.

नलिनीबाईंनी चष्मा पुसला. खोकं दोन्ही हातांत धरलं, ऑपरेशनचा ट्रे धरावा तसं.

“किचन नाइफ सेट. नग सहा. आयात महिना, ऑगस्ट. आयात करणारे, दिल्लीचे, पत्ता दिलेला आहे.” मग थांबल्या. “इथे एक गोल कागद आहे. सोनेरी. वरून चिकटवलेला. त्याच्यावर लिहिलंय, मेड इन जर्मनी. खाली छापलेलं आहे काहीतरी, ते कागद काढल्याशिवाय वाचता येत नाही.”

“मॅडमजी!” वालिया म्हणाले.

बाईंच्या अंगठ्याचं नख कागदाच्या कडेत गेलं. एवढासा आवाज, पण दुकानभर ऐकू आला.

“कंट्री ऑफ ओरिजिन: चायना.”

वालिया हसले, फार मोठ्यानं. “छापने वालों की गलती है जी! माल जर्मनी का ही है. अंकलजी, आप बताओ ना मॅडम को. वो गाँव वाली बात.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नलिनीबाई सोडून. त्या खोक्याकडेच बघत होत्या.

पन्नास वर्षांत माझं तोंड कधी रिकामं पडलं नव्हतं. त्या दिवशी पडलं. खरं बोलायचं तर चहा बंद, खोटं बोलायचं तर ही बाई समोर. मी कपात बघत बसलो. कप रिकामा होता, तरी एक घोट घेतला.

मधुरिमा उठली. “फिर कभी, वालियाजी.” दाराशी थांबून म्हणाली, “येते हं, काकू.” जाताना तिनं बाईंच्या दंडाला नुसता हात लावला.

दार बंद झाल्यावर वालियांचा आवाज खाली आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “मैंने आपको माँ जैसी इज्जत दी. कल से मत आना जी.”

“कल से ना?” बाईंनी घड्याळ बघितलं. “अभी सवा चार हुए हैं. मेरी ड्यूटी सात बजे तक है.”

असं म्हणून त्या स्टूल ओढून बसल्या आणि दुसरं खोकं पुढ्यात घेतलं. नख कडेत. कागद निघाला. तिसरं खोकं.

“ये क्या कर रहे हो?”

“गिनती. दो खोले हैं, अड़तीस बाकी. आधी गिनती छोड़ के मैं कभी ऑपरेशन थिएटर से नहीं निकली. यहाँ से क्यूँ निकलूँ?”

“मेरा माल है!”

“आपका ही है. इसीलिए तो साफ कर रही हूँ.”

वालिया पुढे आले. मला वाटलं, हात धरतात की काय. तेवढ्यात एक म्हातारे सरदारजी आत आले, काउंटरपाशी थांबले, साफ झालेलं एक खोकं उचलून त्यांनी सरळ उलटं केलं आणि ओठ हलवत मागची बाजू वाचायला लागले. पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही. वालिया बघत राहिले. मग गल्ल्यामागे जाऊन बसले, पाठ करून.

मी तुम्हाला सांगू शकलो असतो की बाईंनी चाळीस खोकी दहा मिनिटांत सोलली आणि सगळं बावीस सेक्टर टाळ्या वाजवायला जमलं. तसं काही झालं नाही. अडीच तास लागले. कागद चिवट होते, तुकड्या-तुकड्यांनी निघत होते. सतराव्या खोक्याला नख मुळापासून तुटलं, बाईंनी अंगठा पदरात दाबला आणि दुसऱ्या हातानं सुरू केलं. प्रत्येक खोक्याला त्या वाचत होत्या, आता हळू, स्वतःपुरतं. “चायना. आहे. चायना. आहे.”

साडेपाचला चहा आला. वालियांनी स्वतः आणून त्यांच्या कोपरापाशी ठेवला. मला आणला नाही.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. “मी काढू का थोडे?”

“नको. तुमचा हात हलतो. खोकी फाटतील.”

सातला पाच कमी असताना चाळीसावा कागद निघाला. तो मात्र अख्खा निघाला, गोल, चकचकीत. बाईंनी तो अंगठ्यावर धरून दिव्याकडे बघितला. मग उठल्या, खोकी दहा-दहाच्या चार रांगांत लावली, सगळ्यांच्या मागच्या बाजू गिऱ्हाइकाकडे. एप्रनची घडी करून काउंटरवर ठेवली. वालियांना नमस्कार केला, त्यांनीही सवयीनं हात जोडले. आणि माझ्यासमोर येऊन तो सोनेरी कागद त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवला, चांगला दाबून.

“हे तुमचं, भाऊजी. सांभाळा.”

बसस्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चाललो. डिसेंबरचं धुकं उतरायला लागलं होतं. पिंजौरची बस आली तेव्हा मी म्हटलं, “उद्या काय करणार?”

“उद्या रविवार आहे,” त्या म्हणाल्या आणि चढल्या. खिडकीपाशी ताठ बसल्या, दुखरा अंगठा मुठीत धरून. बस गेली.

माझी बस दहा मिनिटांनी आली. कंडक्टर पोरगेला होता, थट्टेखोर. तिकीट फाडताना त्याची नजर माझ्या खिशावर गेली.

“ओहो, अंकलजी! मेड इन जर्मनी?”

बसमधले चारपाच जण वळून बघायला लागले. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. जिभेवर दोन गोष्टी तयार होत्या, एक विमानाची आणि एक पाणबुडीची.

“नहीं जी,” मी म्हटलं. “अकोला.”