मशीनचं पोट उचलेना

"दादा, हे मशीन गाभण हाये का?"

दिव्यानीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. कुंपणाबाहेर दीपिका आणि बाकीच्या पोरी पोट धरधरून खाली बसल्या. "विचारून दाखव, तं मानलं तुले," असं दीपिकाचं टुमणं शाळा सुटल्यापासून चाललं होतं. गेल्या वर्षीची दिव्यानी असती तर सायकलवर टांग टाकून पळालीच असती. पण पंधरा ऑगस्टला अख्ख्या शाळेपुढं माईक धरून तिनं भाषण ठोकलं, त्या दिवसापासून नववीतल्या या पोरीच्या तोंडाला झाकण राहिलं नव्हतं.

मशीनखालून प्रवीणचं डोकं बाहेर आलं. बागेतले पंप, मोटारी तोच पाहायचा.

"गाभण कायची? तुह्या बापानं कंबरडं मोडलं तिचं," तो म्हणाला.

दिव्यानीचं हसू तोंडातच राहिलं. बाबा तिथंच उभे होते, खाली मान घालून, हातातलं फडकं उगाच पिळत.

पोंभुर्ण्याजवळच्या या बागेत तिचे बाबा, धनराज, तीन वर्षांपासून गवत कापायचा बुटका ट्रॅक्टर चालवत होते. लाडानं ते त्या ट्रॅक्टरला राणी म्हणायचे. राणीच्या पोटाखाली रुंद लोखंडी डेक, त्यात गरगरणारी पाती. लिव्हर ओढला की डेक वर उचलला जायचा, मग दगडांची कड ओलांडून खालच्या हिरवळीत जाता यायचं. पण आठ दिवस झाले, लिव्हर अर्ध्यातच अडत होता. डेक दोन बोटं खालीच राहायचा आणि कडेला खाडकन आदळायचा. वरची हिरवळ गुळगुळीत आणि खालच्या हिरवळीत गवत गुडघ्याला, असा सगळा मामला.

बागेचे साहेब रजेवरून परतले, त्यांनी ते गवत पाहिलं आणि हुकूम सोडला, "मंगळवारी मशीन चंद्रपूरला दुरुस्तीला जाईल. परत आलं की प्रवीण चालवेल. धनराज, तू रोपांच्या पिशव्या भर."

"जी साहेब," एवढंच बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. आईनं वांग्याची भाजी पुढं सरकवली तर म्हणाले, "राणी जोरात चालवली म्हनते तो प्रवीण. मी? जोरात?"

रविवारी सकाळी बाग उघडायच्या आधी तिघंही राणीपाशी हजर. दिव्यानीनं बापाला अक्षरशः ओढून आणलं होतं. आई, म्हणजे रुखमा, डबा घेऊन मागोमाग आली आणि पदर खोचून उभी राहिली.

आधी खुरप्यानं डेकवर साचलेलं ओलं गवत खरवडलं. टोपलंभर निघालं. लिव्हर ओढला, अर्ध्यातच ठप्प. मग चारी चाकांची हवा पाहिली. ठीक होती. धनराजनं दोन्ही हातांनी लिव्हर धरला आणि दात खाऊन हिसका द्यायला निघाला.

"बाबा, थांबा! तिले मारता काऊन? डेकच काढून ठेवू न बाजूले. मंग नुसताच लिव्हर ओढू. पुरा आला तं बिमारी डेकात, नाई आला तं वरती कुठीतरी."

"हे कोनं शिकवलं तुले?"

"आमच्या विज्ञानाच्या सरांनी. बल्ब लागत नसला तं आधी तोच बल्ब दुसरीकडं लावून पाहा म्हनतात."

"अन् घरचा बल्ब तं तीन दिवसांपासून बंद हाये," रुखमा म्हणाली.

चार पिना उपसल्या, डेक घसटत बाहेर काढला. दिव्यानीनं लिव्हर ओढला. तिथंच ठप्प!

"डेक बेकसूर!" ती ओरडली.

मोबाईलचा उजेड धरून बापलेक आडवे झाले. लिव्हरच्या बुडाशी पत्र्यात वाकडी खाच होती, तिच्यातून एक जाड पिन वरखाली सरकायची. खाचेच्या वरच्या टोकाला काळंकुट्ट काहीतरी घट्ट बसलं होतं.

"जुनं ग्रीस दिसते," म्हणत धनराजनं बोट पुढं केलं.

"हात नोका लावू! बिबा हाये, उतते, फोड येतीन!"

धनराजचं बोट हवेतच थांबलं. "बिबा? इथी?"

त्या काळ्यातून दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. दिव्यानीनं ते कधीच ओळखलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

घरी बैल नाहीत, म्हणून पोळ्याला बाबांनी राणीलाच सजवलं होतं. गोंडे, झुली, पुढं कागदी शिंगं. सारं गाव बघायला आलं. एवढे डोळे पाहून दिव्यानीनं गुपचूप, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लिव्हरच्या बुडाशी, काळ्या दोऱ्यात बिबा बांधला. दोरा सैल झाला, बिबा खाचेत घसरला. दर ओढीला तो ठेचत गेला, त्याचं तेल धुळीत कालवून दगडासारखं वाळलं.

"मी बांधला बाबा," ती हळूच म्हणाली. "राणीले नजर नोको लागाले म्हनून."

धनराज तिच्याकडं बघत राहिला. मग गवतातच पडून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

रुखमानं काडीला चिंधी गुंडाळून दिली. रॉकेल, स्क्रूड्रायव्हर, पुन्हा रॉकेल. तासभर टोकरल्यावर खाच मोकळी झाली. डेक जागेवर बसवला, लिव्हर ओढला. खट्! पार शेवटपर्यंत! धनराज राणीवर बसला आणि दगडाला न घासता अलगद कड ओलांडून खाली उतरला. दिव्यानी मागून नाचतच गेली.

दोन फेऱ्या मारून त्यानं मशीन थांबवलं. "उद्या सायबाले सांगीन, गवत अडकलं होतं म्हनून. झालं."

"हो न," रुखमा म्हणाली. "पोरीचं नाव कायले घ्या?"

"अन् सायब म्हनतीन, धनराज मशीन साफ ठेवत नाई," दिव्यानी म्हणाली. "मंग पुन्हा पिशव्याच भरा."



दिव्यानीनं कपाळाचा घाम पुसला तर काळ्या ग्रीसचा पट्टाच ओढला गेला. कमरेवर हात ठेवून ती त्या दोघांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, दोघंही ऐका. उद्या शाळेच्या आधी मी सायबांकडं जाईन. बिबा मी बांधला, बाबानं काई मोडलं नाई, मशीन दुरुस्त झालं, हे मीच सांगीन. रागावले तं मी ऐकून घेईन. पन तुम्ही मधात एक शब्द बोलाचा नाई."