हिरवी हळद

अंतरपाटाचं कापड पांढरंच असतं. संगणकाच्या पडद्यावरच्या फोटोत मात्र ते निळसर होतं, अगदी किंचित. सुनेत्राने खिडकीच्या उजेडात कोरा कागद धरून पाहिला, मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तो भास नव्हता.

मागे खुर्चीत यमुनाबाई लेकीच्या लग्नाचा अल्बम मांडीवर उघडून बसल्या होत्या.

"परशुरामभाऊ, हळद हिरवी कशी हो झाली? पोरगी नवरी कुठली, शेवाळ धरलेली पायरी दिसत्येय!"

"नवा छापून देतो, ताई," परशुराम, म्हणजे घरातले आप्पा, म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी पडद्यावर टिचकी मारली. "हा डबा म्हातारा झालाय."

सुनेत्रा त्यांची सून. पदार्थविज्ञान शिकलेली, पण आता मांडवीच्या त्यांच्या या फोटो स्टुडिओत रमलेली. पडद्याचे रंग मोजायचं यंत्र घ्यायचं, हे गणपतीपासून चाललं होतं. एक स्वस्त, फक्त पडदा मोजणारं; दुसरं महाग, छापलेला कागदही मोजणारं.

"अगो, यंत्र निवडत्येस की जावई?" आप्पा विचारायचे.

"वाचत्ये अजून," ती म्हणायची.

खरं तर वाचून कधीच झालं होतं. कुठलंही घेतलं तरी ते खरं बोलणार, याचीच तिला धास्ती होती. निळा रंग पडदा देत नव्हता, आप्पा देत होते. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळट दिसे आणि ते सुधारायला ते प्रत्येक फोटोत निळा चढवत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं; कधी आंब्याचा हंगाम आडवा येई, कधी पाऊस. ज्या नजरेच्या भरवशावर गावाने इतकी लग्नं सोपवली, ती चुकते असं सुनेने कुठल्या तोंडाने सांगायचं?

पण हाही अल्बम परत आला असता, तर पुढचं लग्न आप्पांना कुणी दिलं नसतं. आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापणाऱ्या विनोदकडून तिने त्याचं स्वस्तातलं यंत्र मागून आणलं आणि पडद्यावर लटकवलं. खाली रंगांचे चौकोन एकामागून एक उमटून गेले.

"पडदा जवळजवळ ठीकच होता, आप्पा. उरलेला फरकही आता गेला." तिने हात न लावलेला मूळ फोटो उघडला. "कसा दिसतो?"

"पिवळा. अंतरपाटसुद्धा पिवळट."

"मला पांढरा दिसतोय," ती हळूच म्हणाली.

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावून पाहिलं. बाहेर मासळीवालीची आरोळी येऊन गेली. मग त्यांनी यंत्र उचललं आणि स्वतःच्या डोळ्यासमोर धरलं.

"बघ गो, ह्याचं काही सांगतंय?"

तिला हसू आलं. "नाही आप्पा. डोळा मोजणारं एवढं महाग यंत्र मी पाहिलंच नव्हतं."

"मग हे विनोदच्यासारखंच घे. आपल्याला पुरे." ते पडद्यासमोरून उठले आणि तिला त्या जागी बसवलं. "हा अल्बम तू कर. मी शेजारी बसून चुका काढीन, हात लावणार नाही."

"काढा की. कधी नव्हत्या काढल्या?"

"आणि त्या डॉक्टरांना फोन लाव." आप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा. "म्हणावं, परशुराम येतोय. आधी उजवा डोळा, मग डावा."