सूरजसाठी सोडलेली भाकरी

सकाळी अंथरुणातून उठताना हरणाबाईला भिंत धरावी लागायची. आधी हात भिंतीला, मग गुडघा, मग डोळ्यांपुढचा अंधार सरेपर्यंत तसंच उभं राहायचं. त्यानंतर चूल. चुलीपुढं बसून ती घरातल्या सगळ्यांच्या भाकरी थापायची आणि स्वतः मात्र कपभर कोऱ्या चहावर उठायची. "तू कधी जेवणार?" असं घरात आता कुणी विचारत नव्हतं. विचारून विचारून सगळे थकले होते.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एक बाई असते. तिच्या न जेवण्याची आपल्याला इतकी सवय होते की ते दिसेनासं होतं. घरात माणसं चार आणि ताटं तीन, हे कुणाला खटकत नाही.

हरणाबाईची वस्ती म्हसवडपासून थोडी आत, माळावर. नवरा धुळा मेंढरं राखायचा. पावसाळाभर घरी असायचा आणि दिवाळी झाली की कळप घेऊन पाण्याच्या मुलखात उतरायचा. थोरला सूरज, धाकटी समीक्षा. सूरज बारावी झाला आणि फौजेत जायचं म्हणून पहाटे डांबरी सडकेनं पळू लागला. त्या भागात घरोघरी नाही तरी गावोगावी फौजी आहेतच. सुट्टीवर आलेल्या जवानाची आई देवळात आली की बाया आपोआप बाजूला सरकतात. हरणाबाईनं ते पाहिलं होतं. तिनं सिद्धनाथाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि शब्द दिला, "नाथबाबा, माझ्या सूरजच्या अंगावर फौजीची वर्दी दिसंस्तवर मी भाकरीला तोंड लावणार न्हाई."

भाकरी म्हणजे सगळं धान आलं. बाजरी, जोंधळा, गहू, डाळी, हुलगा, मटकी, सारं.

पहिल्या भरतीत सूरज पळण्यात मागं पडला. हरणाबाईला वाटलं, आपलंच व्रत उणं पडलं. तिनं दूधही सोडलं. पुढच्या भरतीत तो थोडक्यात राहिला. तिनं शेंगदाणे सोडले. त्याच्या पुढच्या खेपेला तो पळाला चांगला, पण पेपरात गेला, आणि हरणाबाईनं गूळ सोडला. मग एक दिवस सूरजची भरतीच्या वयाची मर्यादा संपली. भरतीचं दार लागलं ते लागलंच.

पण नवस तसाच उभा होता! त्याला शेवट कुठून येणार? जी वर्दी आता कधीच येणार नव्हती, तिची वाट बघत हरणाबाई मीठ-मिरचीच्या साबुदाण्यावर आणि उकडलेल्या बटाट्यावर जगत होती. सूरजनं कवठे महांकाळला टेम्पो चालवायचं काम धरलं होतं. घरी येणं त्यानं फार कमी केलं. आला तरी उभ्याउभ्या चहा घेऊन परत फिरायचा.

आषाढात ती हौदापाशी कोसळली. धुळानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मायाळू होत्या. म्हणाल्या, "मावशी, रक्त फार कमी झालंय. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. बाजरी खा, हुलगा खा, पालेभाजी, दूध, शेंगदाणे. सगळं तुमच्या घरातच आहे. आणि गोळीबरोबर चहा घेऊ नका."

हरणाबाईनं मान हलवली. घरी येऊन गोळी घेतली ती चहाबरोबरच.

"आगं, चहा नगं म्हनल्यात न्हवं डाक्टरीणबाई?" धुळा म्हणाला.

"मग काय खाऊ? दगड?"

"खा की. सोडायचा तेवढा दगडच ऱ्हायलाय तुझा!"

तो बोलला हसून, पण हसू काही त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. काठी घेऊन तो मेंढरांकडं निघून गेला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी जरिनाभाभी बांगड्या घेऊन वस्तीवर आली. म्हसवडची ही बाई वर्षानुवर्षं वस्तीवरच्या लेकीसुनांना बांगड्या भरायची. कुणाच्या घरात काय शिजतं आणि कुणाच्या मनात काय जळतं, ते तिला बसल्या बसल्या कळायचं. पण इकडचं तिकडं करायची तिला खोड नव्हती. बाकीच्या बाया भरून गेल्यावर तिनं हरणाबाईचा हात हातात घेतला. दाबायची गरजच पडली नाही. बांगडी घातली ती सरळ कोपराकडं घसरली.

"या अल्ला! हरणाबाई, ह्यो हात हाय का चिंचेची काटकी? पोरीच्या मापाची बांगडी घातली मी."

"वय झालं भाभी."

"वय मला झालंय. माझ्या पोटच्या पोरीएवढी तू. अजून धरलंयस व्हय ते?"

हरणाबाईनं हात मागं ओढला. मग म्हणाली, "तुमी बी रोजं धरताच की. पानी सुदिक घेत न्हाई दिवसभर. मग मलाच का बोलता?"

"धरतो की. पर सांजंला मगरिबची बांग झाली की सोडतो बी. सोडायचाच असतो. आजाऱ्याला, पोटुशीला, वाटंवरच्याला त्यातनं सवलत हाय. माझ्या ल्योकाला, शाहनवाजला, कावीळ झालती, तरी धरतो म्हणून हटून बसला हुता. मौलवीनंच दटावला त्येला. म्हनला, जीव वाचव आधी, देव कुटं पळून जात न्हाई." जरिनाभाभी थांबली. "तुझ्या उपासाची सांज कवा व्हनार, तेवढं सांग मला."

"सूरजला वर्दी मिळंल तवा."

"त्येचं वय गेलं न्हवं?"

"देवाच्या मनात आलं तर काय बी हुतंय."

"देवाच्या मनातलं तुला ठावं न्हाई आन् मला बी न्हाई. पर तुझ्या मनातलं मला दिसतंय, बाई. तू भाकरी खाल्लीस की पोरगं आता फौजी हुनार न्हाई, हे कबूल केल्यागत हुतंय. म्हणून खाईनास तू. हाय का न्हाई?"

हरणाबाईच्या चेहऱ्यावरचा रंग आधीच उडालेला. आता ओठही पांढरे पडले. जिथं कुणी हात लावू नये, नेमकं तिथंच भाभीनं बोट ठेवलं होतं.

"म्या शब्द दिलाय देवाला," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "शब्द मोडायची आमच्यात रीत न्हाई. तुमी बांगड्या भरायला आलाय, भरा आन् जावा."

जरिनाभाभीला ते लागलं. ती बांगड्यांचे पुडे आवरू लागली. "बरं बाई. समीक्षाला तेवढी हाक मार. तिचं भरते आन् जाते."

समीक्षा हौदाकडून येतच होती. डोक्यावर घागर. अकरावीतली पोर, एरवी वाऱ्यासारखी यायची. आज उंबऱ्यापाशी आली, एक हात हवेत चाचपल्यासारखा फिरला आणि घागरीसकट ती अंगणात पडली!

"समे!" हरणाबाई ओरडली. भिंत नाही, आधार नाही. ती अडखळत, गुडघ्यांवर आपटत पोरीपर्यंत गेली. जरिनाभाभीनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. धुळा वाघराच्या जाळीत मेंढरं टाकून धावला.

डोळे उघडले तेव्हा समीक्षाला आधी आईच दिसली. ती नजर चुकवायला लागली.

"सकाळपासनं काय खाल्लंयस गं?" भाभीनं विचारलं.

धुळाच म्हणाला, "ह्यी डब्यातली भाकरी शेरडाम्होरं टाकतीया. दोनदा बघितलं म्या. मला वाटलं, जास्तीची आसंल."

"समे? खरं हाय?"

"मी पण धरलंय," समीक्षा हळूच म्हणाली.

"काय धरलंयस?"

"तू धरलंयस तेच. तुला दवाखान्यात नेलं न्हवं, त्या दिवशी नाथबाबाला बोलले मी. आई बरी होईस्तोवर भाकरी खाणार न्हाई."

अंगणात सांडलेलं पाणी मातीत जिरत होतं.

मग हरणाबाई पेटली. "कुनी सांगितलं हुतं तुला ह्ये? वाढायचं वय तुझं, शिकायचं वय! आत्ताच्या आत्ता सोड! उठ, भाकरी खा!"

"न्हाई सोडणार. शब्द दिलाय देवाला. शब्द मोडायची आपल्यात रीत न्हाई, तूच म्हणतीस."

"अगं, पर नाथबाबा काय लेकराच्या तोंडचा घास मागतोय व्हय? मायबाप हाय त्यो! लेकरू उपाशी पडल्यालं बघून कंच्या मायबापाला बरं वाटंल?"

समीक्षा आईकडं बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट उत्तरही नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

"मग आई, तू कुणाचं लेकरू हायस?"

काय हा प्रश्न! इतकी वर्षं नवरा बोलला, डॉक्टरीणबाई बोलल्या, भाभी बोलली. प्रत्येकाला हरणाबाईकडं उत्तर होतं. ह्या प्रश्नानं मात्र तिचंच बोलणं तिच्यापुढं उभं केलं. देवाला मायबाप म्हणायचं आणि त्याच्याच दारात उपाशी पडून राहायचं, हे ती करत आली होती. आणि आपण जे केलं तेच आता पोटची पोर शिकली होती! आज आईसाठी, उद्या नवऱ्यासाठी, परवा लेकासाठी ती एकेक घास सोडत जाणार होती. कुणीही न शिकवता, नुसतं बघून.

धुळानं आत जाऊन भाकरीची दुरडी आणली आणि मायलेकींच्या मध्ये ठेवली.

हरणाबाईनं भाकरीचा तुकडा मोडून पोरीपुढं धरला. पोरीनं ओठ मिटून घेतले. "आधी तू."

हरणाबाई उठली. देव्हाऱ्यापाशी गेली. हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. "नाथबाबा," ती म्हणाली, "माझा सूरज आता फौजी हुनार न्हाई." हे वाक्य त्या घरात आजपर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं. धुळानं तोंड फिरवलं. "मी शब्द मोडते. शिक्षा करायची ती मला कर. माझ्या लेकरांना नगं."

तिनं घास तोंडात घातला. बाजरीचा तो घास तोंडात फिरतच राहिला. घरातलं माणूस गेल्यावर शेजारणी बळंच भरवतात, तेव्हा जसा घास फिरतो, तसा. गिळताना तिला हुंदका फुटला. त्या घासाबरोबर हिरवी वर्दी, छातीवरची नावाची पट्टी, देवळात बाजूला सरकणाऱ्या बाया, सगळं खाली उतरत होतं.

"चाव. हळू चाव, बाई," जरिनाभाभी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली.

समीक्षानं मग स्वतः हात पुढं केला.

वाचकहो, ह्यानंतर सगळं छान झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पोट इतकी वर्षं धान विसरलेलं. ते लगेच धान घेईना. पहिले काही दिवस पोटात कळा यायच्या. मग समीक्षा ताकातल्या कण्या करू लागली, हुलग्याचं पातळ माडगं करू लागली. शेतातली तांदुळजाची भाजी आली. दुधाचा अर्धा पेला, मूठभर शेंगदाणे. गोळी आता लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि चहा तिच्यापासून लांब ठेवलेला. पोर तर आठवड्याभरातच उड्या मारू लागली. तिचं कोवळं वय. हरणाबाईला दसरा उजाडावा लागला. तेव्हा कुठं सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढचा अंधार कमी झाला, दळण निवडताना हात कापेनासे झाले, दुपारी पडून राहावंसं वाटेना. अंगात शक्ती येते म्हणजे काय, ते तिला नव्यानं कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्त वाढत होतं. "पण मावशी, फार उशीर केलात," त्या म्हणाल्या. "हाडांची झीज झालीय ती सगळी भरून येणार नाही. आहे ते जपायचं."

दसऱ्याला सूरज आला. आई ताट वाढून घेऊन शेजारी जेवायला बसली, तेव्हा तो नुसता बघत राहिला. त्याला समीक्षानं फोनवर सांगितलं होतं, तरी त्याचा विश्वास बसला नव्हता. दोघांची अर्धी भाकरी खाऊन झाली.

"पोरा," हरणाबाई म्हणाली, "माझंच व्रत उणं पडलं, म्हणून तुझं न्हाई झालं, आसं मला लय दिस वाटायचं."

सूरजचा हात ताटात थांबला. "आई, तुला कवा बोललो न्हाई. पहिल्या भरतीला मी हलक्या मनानं पळलो, नुसता दमानं कमी पडलो. त्येच्या पुढच्या येळंला शेवटच्या फेरीत एकच मनात आलं. आता मी हरलो तर घरी गेल्यावर आई आणखी काय सोडंल? त्येनंच पाय जड झालं. पुढं पेपर लिवताना बी तेच. अक्षरंच दिसायची न्हाईत मला."

हरणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. जे लेकराला उचलायला म्हणून धरलं होतं, ते त्याच्याच खांद्यावर बसलं होतं! पळणारा तो होता आणि ओझं तिचं होतं. गेलेल्या भरत्या काही परत येणार नव्हत्या. तिनं भाजी-कोरड्यासाचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. त्यानं वाढून घेतलं.

भगिनींनो, व्रत करावं. दिवा लावावा, नाम घ्यावं, एकादशीला पोटाला विसावा द्यावा. त्यानं मन निर्मळ होतं. पण नवसाच्या बोलीत आपल्या ताटातली भाकरी ठेवू नये. देव ती खात नाही. आपण सोडलेला घास आपल्या लेकरांच्या गळ्यात जाऊन अडकतो, आणि तो तिथून काढायला आपल्याला पुन्हा जन्म मिळत नाही.