पार्लरमधली ऑर्गनची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जुनी म्हणजे अंगभर ओरखडे, कडेला एक टवका आणि स्वतःचे वेष्टनसुद्धा जवळ नाही, इतकी जुनी. तरीही आज माझा रुबाब विचारू नका. इटलीत, आमच्या जेनोआ शहरातल्या कुठल्याही गाण्यांच्या दुकानात जा आणि नुसते "नीवेसची तबकडी" म्हणा. दुकानदार हातातले काम टाकून बोलायला लागेल. पण जन्मापासूनच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी नुसत्या बढाया मारते आहे.

माझा जन्म १९७४ सालचा. काळा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की आमच्यासारखी तबकडी तयार होते. माझ्या अंगावर जे कोरले गेले, ते इर्मा कावान्याचे वाजवणे. इर्मा तेव्हा तिशीच्याही आत होती आणि एका रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची. त्यांची गाणी एवढी लांब असत की गाणे सुरू होताना चुलीवर ठेवलेला पास्ता गाणे संपेपर्यंत शिजून, वाढून, गारही होत असे. अशा बँडना तेव्हा आमच्याकडे फार मान होता. एका खुनाच्या सिनेमाच्या दिग्दर्शकाकडे वाद्यवृंदाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने इर्माला एकटीलाच बसवले. तिच्यासमोर भिंतीवर सिनेमा चालू असायचा आणि ती ऑर्गन, पियानो आणि सिंथेसायझर अशा तिन्हींवर हात फिरवत पाहील ते वाजवत जायची. कागदावर एक सूर लिहिला नाही. लिहायचा कशाला, हात तर आपलेच आहेत, असे ती म्हणे.

सिनेमा आठवडाभरात पडला. कंपनी बुडाली. ज्या टेपवर इर्माचे वाजवणे होते, तिच्यावर काटकसर म्हणून दुसरीच गाणी भरली. माझ्या बहिणी, म्हणजे त्याच साच्यातून निघालेल्या बाकीच्या तबकड्या, दुकानांतून परत आल्या आणि बहुतेक सगळ्या वितळवल्या गेल्या. सिनेमात शेवटचे ऑर्गनचे वाजवणे अर्ध्यावरच कापलेले होते, कारण तोवर प्रेक्षक उठून जातात म्हणे. ते पूर्ण होते फक्त आमच्या अंगावर. इर्मा पुढे मुलांना पियानो शिकवू लागली, चर्चमध्ये लग्नांना वाजवू लागली, आणि तिच्या त्या वाजवण्याचे नाव कोणी काढेनासे झाले.

मी वाचले ते केसांमुळे. माझ्या वेष्टनावर सिनेमाची नायिका किंचाळतानाचे चित्र होते, आणि काय केस होते बाईचे! जेनोआच्या साम्पिएरदारेना भागात नवे पार्लर उघडणाऱ्या नीवेसला ते केस आवडले. तिने मला विकत आणले, वेष्टन पार्लरच्या आरशाशेजारी भिंतीवर चिकटवले आणि मला एका खाकी पाकिटात घातले. वेष्टनासाठी तबकडी घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. गिऱ्हाईक बायका चित्राकडे बोट दाखवून म्हणायच्या, केस अगदी अस्से कर, फक्त तोंड असे होऊ देऊ नकोस.

मग एक दिवस नीवेसने मला वाजवूनही पाहिले, आणि तिला माझे वेडच लागले. केस वाळवायच्या टोपाखाली ओळीने बसलेल्या बायका आणि खोलीभर खुनाचा ऑर्गन, हे दृश्य तुम्ही मनाशी आणा. कोणी तक्रार केली तर नीवेस म्हणायची, "असू दे. घाबरलेली बाई जागची हलत नाही, रंग चांगला बसतो." दर शनिवारी मी लागायचीच. केसांवर मारायचा फवारा माझ्या अंगावर उडायचा आणि मी चिकट व्हायचे, पण ऐकली जायचे. ते माझे वैभवाचे दिवस होते.

पुढे पार्लरमध्ये रेडिओ आला आणि मला विसरले सगळे. केस कुरळे करायला गुंडाळतात ते रूळ ठेवायच्या डब्याखाली माझी रवानगी झाली. भिंतीवरच्या चित्राचीही उन्हाने वाट लागली, अक्षरे उडाली, चेहरा उडाला, फक्त केस राहिले. त्या डब्याखाली मी वर्षानुवर्षे काढली. मला वाटायचे, वितळलेल्या बहिणी सुटल्या बिचाऱ्या. खोटे कशाला सांगू, त्या दिवसांत मी आशा सोडली होती.

इकडे बाहेर मात्र जग फिरले होते. त्या लांबलचक गाण्यांच्या तबकड्यांवर लोक पुन्हा तुटून पडू लागले. बंदराजवळच्या बोळात तुल्लिओ नावाच्या माणसाचे दुकान होते. तो जुन्या, मिळेनाशा झालेल्या तबकड्या शोधून त्यांची नवी आवृत्ती काढायचा. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे एकेक नमुना. हातमोजे घालून तबकडी धरणार, उजेडात तिरपी करून ओरखडे मोजणार, वेष्टनाचा वास घेणार, आणि घरी नेऊन कपाटात घालणार. वाजवणार कोणी नाही. त्या सगळ्यांचा मेरुमणी होता एर्कोले, बंदरातला निवृत्त क्रेनवाला. त्याच्याकडे माझी एक बहीण होती, तीही कारखान्यातून निघाली तशी, वेष्टनावरचा पातळ पारदर्शक कागदही न फाडलेली. जुन्या तबकड्यांचा बाजार भरला की तो तिला काचेच्या पेटीत घालून आणायचा आणि पेटीला हात लावणाऱ्याकडे डोळे वटारायचा. तिच्या अंगावर काय वाजते ते त्याने स्वतः कधी ऐकले नव्हते. तरी इर्माचे नाव निघाले की टोपी काढायचा.

तुल्लिओच्या मनात आले, हीच तबकडी पुन्हा काढायची. टेप तर उरली नव्हती, तेव्हा एर्कोलेचीच तबकडी वाजवून तिच्यावरून नवी करायला हवी. एर्कोलेने साफ नकार दिला.

"कागद फाडला की उरतं काय?" तो म्हणाला. "नुसतं संगीत."

तेव्हा इर्मा स्वतः त्याच्या दारात गेली. तिने पंचाहत्तरी ओलांडली होती. तिच्या उजव्या कानाने केव्हाच रजा घेतली होती आणि डावा हिवाळ्यापर्यंत टिकला तर टिकला, असे डॉक्टर म्हणाले होते. तिने आवाज चढवला नाही की रडली नाही.

"ते शेवटचं वाजवणं मला आता आठवत नाही, एर्कोले," ती म्हणाली. "हात विसरले. लिहून ठेवलं नाही, हा माझाच शहाणपणा. कान आहे तोवर एकदा ऐकू द्या मला. नंतर तुम्ही ती तबकडी देव्हाऱ्यात ठेवा, मी येऊन मेणबत्ती लावीन."

एर्कोलेने टोपी काढली. मग म्हणाला, "रविवारी तुल्लिओकडे या, सिन्योरा."

रविवारी तुल्लिओच्या दुकानात मुंगीला शिरायला वाट नव्हती. फोकाच्चा पावाचे तुकडे आले, पांढरी वाइन आली. एर्कोलेने हातमोजे चढवले, बायकोच्या शिवणाच्या कात्रीने कागदाची कड कापली, तबकडी काढली आणि सुई टेकवली. इर्माने डावा कान पुढे केला. आणि वाजले काय, तर अकॉर्डियन. लग्नात लोक ज्याच्यावर फेर धरून नाचतात ते अकॉर्डियन, टुंग टुंग टुंग. कारखान्यात पाकिटे भरणाऱ्याने चुकीची तबकडी आत घातली होती. ती माझी बहीण नव्हतीच. एर्कोलेने आयुष्यभर काचेच्या पेटीत मिरवले होते ते कुणा भलत्याचे लग्नाचे गाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती अशी उघडली.

एर्कोले पांढराफटक पडला. शेवटी इर्माच हसली आणि म्हणाली, "चला, निदान ठेका तरी बरा आहे." पण घरी जाताना तिला दुकानाचा जिना उतरायला आधार लागला. येताना ती एकटी चढून आली होती.

आता गंमत ऐका. एर्कोलेची बायको पिएरा दर महिन्याला नीवेसच्या पार्लरमध्ये केस रंगवायला यायची. डोके नीवेसच्या हाती देऊन तिने नवऱ्याची ही फजिती रंगवून रंगवून सांगितली. नीवेसने सिनेमाचे नाव विचारले. पिएराने सांगितले. नीवेसचा ब्रश हवेतच थांबला.

"ही काय, ही भिंतीवरची?" ती म्हणाली. "हिची तबकडी तर माझ्या रुळांच्या डब्याखाली आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पिएरा कित्येक वर्षे माझ्याच वेष्टनासमोर बसत होती. आणि तिचा नवरा माझ्या बहिणींसाठी मिलान, रोम पालथे घालत होता, पण बायकांच्या पार्लरची पायरी कशाला चढेल? पिएरा अर्ध्या रंगलेल्या केसांनी, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मला घेऊन तुल्लिओच्या दुकानात धावली. नीवेस पार्लर उघडे टाकून तिच्या मागे.

मला पाहून संग्राहक मंडळींनी नाके मुरडली. एक म्हणाला, ही तबकडी आहे की तवा. मी मनात म्हटले, मेल्या, तव्यावर निदान भाकरी तरी भाजली जाते, तुझ्या कपाटात काय शिजते? तुल्लिओने मला औषधी पाण्याने धुतले. फवाऱ्याचा जुना थर सुटला आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांची धूळही निघून गेली. माझ्या रेघा खाली तशाच शाबूत होत्या. फक्त एक ओरखडा खोल होता, आणि तो नेमका शेवटच्या वाजवण्याच्या ऐन रंगात. सुई तिथे पोचली की उडी मारून मागे जायची आणि तेच तेच वाजवत बसायची. तुल्लिओने तीनतीनदा पाहिले. पुढचे सूर काही येईनात. इर्मालाही बोलावून आणले होते, ती डावा कान पुढे करून खुर्चीत बसली होती.

सुईच्या दांडीवर वजन ठेवले तर ती ओरखड्यावरून निभावते, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होते. पण तबकडीवर वजन ठेवणे हे त्या लोकांत महापाप. असे करणाऱ्याला ते दुकानात उभे करत नाहीत. एर्कोले पुढे आला. त्याने हातमोजे काढून खिशात घातले. पाच सेंटचे नाणे काढले. जन्मभर त्याने जहाजात ओझी उतरवली होती, काचेची भांडी असोत की गाड्या. त्याच हाताने त्याने ते नाणे दांडीच्या टोकावर ठेवले आणि सुई माझ्यावर सोडली.

मित्रांनो, त्या क्षणी मी जिवाचा आटापिटा केला. तबकडी काय करणार म्हणाल, पण मी केला. सुई ओरखड्याशी आली, खट्ट झाले, आणि ती पुढे गेली. ऑर्गन वर चढू लागला. इर्मा उठून स्पीकरला कान लावून उभी राहिली. मग मी पाहिले, तिची बोटे टेबलावर हलत होती. आधी एका हाताची, मग दोन्ही. माझे सूर यायच्या आधी तिची बोटे तिथे जाऊन पोचत होती.

"आठवलं," ती म्हणाली. "हातांना आठवलं."

एर्कोले तोंड फिरवून नाक शिंकरत होता. पिएराने त्याला आपला टॉवेल दिला, रंगाचा.

माझ्यावरून नवी तबकडी निघाली आणि हातोहात खपली. मागणी पार जपानमधून आली. वेष्टनावर पहिल्यांदा इर्माचे नाव ठळक छापले, दिग्दर्शकाच्या वर. नीवेसला किती जणांनी मला विकत मागितले! ती एकच उत्तर देते, घरची माणसे कोणी विकत नाही. आता मी पार्लरमध्येच आहे, आरशाशेजारी, स्वतःच्या फळीवर, आणि शनिवारी पुन्हा लागते.

पण खरा दिवस तो नव्हे. खरा दिवस हिवाळ्यातला. आमच्या भागातल्या जुन्या थिएटरात तो सिनेमा दाखवला आणि पडद्याखाली बसून इर्माने सगळे संगीत स्वतः वाजवले. डावा कान अजून साथ देत होता. नीवेसने मला मांडीवर घेतले होते. शेवटचा प्रसंग आला, वाजवणे अर्ध्यावर असतानाच सिनेमा नेहमीसारखा संपला, पडदा पांढरा झाला, आणि एकही माणूस उठला नाही. इर्मा वाजवत राहिली. मी प्रत्येक सूर ओळखत होते, तो माझ्याच अंगावरचा होता. माझ्या शेवटच्या रेघेशी ती आली तेव्हा मला वाटले, झाले, आता टाळ्या. पण ती थांबलीच नाही. तिथून पुढे ती जे वाजवू लागली ते मी कधी ऐकले नव्हते. ते माझ्यावर नव्हते, टेपवर नव्हते, कुठेच नव्हते. ऑर्गन चढत चढत छतापर्यंत गेला, आणि ती थांबली तेव्हा सगळे थिएटर उभे होते. मग टाळ्या आल्या. त्या तिने ऐकल्या, मी तिच्या तोंडावर पाहिले.

तुल्लिओ धावत तिच्याजवळ गेला आणि हे पुढचे कुठून आणले म्हणून विचारू लागला. इर्मा घाम पुसत होती.

"तेव्हाही होतं," ती म्हणाली. "तबकडीवरची जागा संपली, म्हणून मला थांबवलं होतं."

म्हणून सांगते मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्हाला धुवा, उन्हात टाकू नका, ओझ्याखाली दाबू नका. पण कुलपातही घालू नका. आम्हाला वाजवा. आणि ज्यांनी आमच्या अंगावर सूर कोरले, ती माणसे अजून तुमच्या गावात असतील, तर त्यांच्या दारी जा. आमच्यावर मावले नाही असे पुष्कळ त्यांच्याजवळ असते, ते त्यांना विचारा.