आतल्या कडीचे कपाट

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. जुने म्हणजे अगदी जन्मापासून जुने. मित्रांनो, तुमच्या घरी कपाट येते ते नवे कोरे, आणि मग वर्षानुवर्षे गंजत जाते. माझे सगळे उलटे झाले. आधी माझ्या अंगावर गंज चढवला, पोचे पाडले, रंगाचे पोपडे काढले आणि मगच मला कामाला जुंपले. कारण मी भीतीच्या एका व्हिडिओ गेममधले कपाट आहे. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात, कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत, कोपऱ्यात मी उभा असतो. माझे काम एकच. जीव मुठीत धरून पळत आलेल्या माणसाला पोटात घ्यायचे आणि गप्प राहायचे.

मला घडवणाऱ्या मुलीला ऑफिसात सगळे गंजवाली म्हणत. पडद्यावर गंज रंगवावा तर तिनेच. कुठे पाणी मुरते, कुठे हात लागून लागून रंग उडतो, हे तिला नेमके ठाऊक होते, कारण तिच्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये अगदी असेच एक कपाट होते. त्याचा फोटो समोर ठेवून ती मला तासन् तास रंगवत बसे. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "अगं, कपाट आहे ते, नवरीमुलगी नव्हे. किती नटवशील?"

"गंज खोटा वाटला तर माणूस आत शिरणार नाही, साहेब."

"आणि ही आतल्या बाजूला कडी कशाला? कपाटाला कधी आतून कडी असते का?"

"बाबांच्या कपाटाला आहे. त्यांनी मुद्दाम बसवली होती," ती म्हणाली. "आतून उघडता आलंच पाहिजे."

साहेबांनी हात जोडले आणि कडी राहिली.

आता माझ्या शत्रूविषयी सांगतो. त्याला आम्ही मुकादम म्हणतो. उंच, पाठीत वाकलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कारखाना बंद पडला तरी याची पाळी काही संपत नाही. तो फिरत राहतो आणि सापडेल त्याला धरतो. मोठमोठ्याने ओरडणारी, दात विचकणारी भुते इतर गेममध्ये पैशाला पासरी मिळतात. आमचा मुकादम मात्र सभ्य होता. तो माझ्यासमोर येऊन थांबायचा, किल्ल्या खुळखुळवायचा, हळूच म्हणायचा, "इथे तर कोणीच नाही," आणि निघून जायचा. बस, एवढेच. पण एवढ्यानेच भल्याभल्यांच्या हातांना घाम फुटायचा. "हे तुला सुचलं कुठून?" असे साहेबांनी विचारले, तेव्हा गंजवाली हसून म्हणाली, "घरचाच अनुभव आहे." त्या किल्ल्यांचा आवाजसुद्धा तिने घरूनच भरून आणला होता. आणि लपलेल्या माणसाचा जो दबका श्वास गेममध्ये ऐकू येतो, तो खुद्द तिचाच.

या गेमची एक खोड आहे. खेळणाऱ्याच्या हेडफोनला जो माइक असतो, त्यातून गेम त्याच्या खोलीतला आवाज ऐकतो. तुम्ही तुमच्या घरात शिंकलात की इकडे मुकादमाचे कान टवकारतात. त्यामुळे डोळ्यांच्या जागी मला नुसत्या फटी असल्या, तरी ऐकायला मात्र उदंड आले. एकाच वेळी मी कितीतरी घरांत उभा असायचो. कुठे कुकरची शिट्टी व्हायची आणि बिचारा खेळाडू पकडला जायचा. कुठे एखादी आई, "अरे, किती वेळ झाला, जेवायला ये की!" म्हणून हाक मारायची, आणि मुकादम त्या हाकेसरशी माझे दार उघडायचा.

सुरुवातीला सगळेच कच्चे होते. टॉर्च लावून धावत सुटायचे. अंधारात टॉर्च लावणे म्हणजे स्वतःचा पत्ता स्वतःच सांगणे, हे कळायला त्यांना वेळ लागे. माझे दार धाडकन आपटायचे, म्हणजे मुकादमाला वेगळे आमंत्रण द्यायला नको. हळूहळू तेच लोक शहाणे झाले. वाकून चालू लागले. पत्र्यावर पाय न ठेवता भिंतीच्या कडेच्या पोत्यांवरून जाऊ लागले. कोपऱ्यावर आधी नुसती मान काढून बघायचे. रिकामी बाटली भलत्याच दिशेला फेकून मुकादमाला तिकडे पिटाळायचे आणि आपण इकडून सटकायचे. सर्वांत अवघड धडा शेवटी यायचा. मुकादम गेला असे वाटले तरी लगेच बाहेर पडायचे नाही. तो वळणापाशी थांबतो. त्याची पावले दूर जाऊन पुन्हा जवळ येतात, आणि ती दुसऱ्यांदा दूर गेली की मगच कडी काढायची.

ते माझे चांगले दिवस होते. माझ्यावर लोकांनी लिहिले, माझी चित्रे काढली. पण खरे सांगू का मित्रांनो, तेव्हाही मी थकत होतो. जो तो आपली भीती माझ्या पोटात ओतायचा आणि निघून जायचा. बिजागऱ्या कुरकुरून कुरकुरून माझाच जीव नको व्हायचा. कोणी आभार मानावेत अशी अपेक्षा नव्हती. पण जाताना दार तरी नीट लावावे!

मग नवा गेम आला. त्यात म्हणे पलंगाखाली लपतात. माझ्याकडे येणारे कमी झाले आणि कपडे बदलायच्या खोलीत मी आणि मुकादम असे दोघेच उरलो. तो आपली फेरी मारायचा, रिकाम्या कपाटासमोर थांबायचा, "इथे तर कोणीच नाही" म्हणायचा. आता ते खरे होते.

अशाच एका दुपारी कोणीतरी आत आले. दार अलगद लागले. श्वास ऐकताच मी ओळखले. गंजवाली!

मला वाटले, जुनी ओळख म्हणून भेटायला आली असेल. पण ती बाहेर पडेना. मुकादम आला, गेला, पुन्हा आला, गेला. ती आत तशीच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कारखान्यातून सुटण्याचा रस्ता जिने स्वतः आखला होता, ती माझ्या पोटात बसून राही आणि फटींतून बाहेर बघत राही.

याचे कारण मला, हळू आवाजात स्पीकरवर ठेवलेल्या तिच्या फोनवरून कळले. ऑफिसातला एकजण, गेममधले आवाज करणारा, तिला समजावत होता. "अगं, किती दिवस घरात कोंडून घेणार? बाबांना तरी भेट."

"काय तोंड दाखवू त्यांना?" ती कुजबुजली. "आई दवाखान्यात होती. बाबा फोनवर म्हणाले, जमलं तर ये गं. आणि मी काय म्हटलं? कपाटाचं दार अजून अडकतंय, ते झालं की निघते. दार झालं आणि आई गेली."

मित्रांनो, माझा पत्रा खऱ्या लोखंडाचा असता तर त्या क्षणी तडा गेला असता. ज्या दाराचे लोकांनी एवढे कौतुक केले, ते दार हे होते.

त्यानंतर एका सुट्टीच्या दुपारी ती माझ्यात बसली असताना किल्ल्या खुळखुळल्या. मी सावध झालो. मुकादम! पण मुकादम तर लांब, साबणाच्या कढईपाशी होता, आणि तोही गोंधळून वळून बघत होता. आवाज कारखान्यातला नव्हताच. तो तिच्या घराच्या दारातून, माइकमधून येत होता.

"बाळ, मी आहे," बंद दाराबाहेरून, मुकादमाला माग लागणार नाही इतका दबका म्हातारा आवाज आला. "डबा आणलाय."

गंजवालीने श्वास रोखला. पंखा बंद केला. फोन केव्हाच मुका करून ठेवलेला होता. खुर्ची कुरकुरू नये म्हणून तिने पाय वर घेतले असावेत. मला सगळे ओळखीचे होते. आम्ही लोकांना जे जे शिकवले, ते ते सगळे ती आपल्या बापावर वापरत होती.

"दाराला अडकवून ठेवतो. झाकण घट्ट बसलंय, जरा गरम पाण्यात धर म्हणजे निघेल." पावले दूर गेली.

दर सुट्टीला हेच चालले. बाबा येत, दार वाजवत, थोडे बोलत. गुडघा दुखतो म्हणत. वर्कशॉपचा पत्रा गळतो म्हणत. उत्तर नाही म्हणून कधी रागावले नाहीत. ती मात्र दर वेळी ते गेल्यावर रडायची, आणि पुन्हा माझ्यातच येऊन बसायची. मी शिणलो होतो. कपाटाला सांत्वन करता येत नाही. फार तर बिजागरी कुरकुरते, आणि तीही तिने तेल घालून गप्प केली होती.

त्या दिवशी बाबा आले ते धापा टाकत. जिने चढवत नसावेत. मग दाराला टेकल्यासारखा आवाज झाला.

"तू लहानपणी वर्कशॉपमधल्या कपाटात लपायचीस," ते म्हणाले. "श्वाससुद्धा घ्यायची नाहीस, एवढी पक्की. पण चप्पल बाहेर काढून ठेवायचीस, कपाटाच्या अगदी समोर. जोडीने, नीट."

इकडे श्वास थांबला.

"आजही बाहेरच आहे चप्पल. दर वेळी असते."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते! साऱ्या कारखान्याला हुलकावणी देणारी माझी गंजवाली, पण चप्पल आत घ्यायची तिला आठवण झाली नाही.

"तेव्हाही मी दार उघडायचो नाही," बाबा म्हणाले. "घाबरशील म्हणून आतून कडी लावून दिली होती. तू आपणहून यायचीस. तुझ्या आईनं शेवटी तुझंच नाव घेतलं, बाळ, आणि रागानं नाही घेतलं. एवढंच सांगायचं होतं. आता हे जिने काही माझ्यानं व्हायचे नाहीत."

किल्ल्या खुळखुळल्या. आणि मग, लहान मुलाशी खेळताना काढतात तसा आवाज काढून, पण तो मध्येच फुटला, ते म्हणाले, "इथे तर कोणीच नाही बुवा!"

पावले निघाली. मित्रांनो, आमचा नियम तुम्हाला माहीत आहे. पावले दूर गेली की थांबायचे, ती परत येतात. पण ही येणार नव्हती. एकेक पायरी उतरत ती खाली चालली होती. मला ओरडावेसे वाटले, अगं, नियम मोड! वळणापाशी कोणी थांबलेले नाही!

खुर्ची धाडकन पडली. हेडफोन जमिनीवर आदळला. "बाबा!" ती किंचाळली. "मी इथे आहे! बाबा, मी इथे आहे!" अनवाणी पाय धावले, घराच्या दाराची कडी निघाली, दार भिंतीवर आपटले. एवढ्या आवाजाने मुकादम वाऱ्यासारखा आला, त्याने माझे दार उपटले आणि ती गेममध्ये जिला खेळवत होती त्या आतल्या बाईला धरले. पडद्यावर अक्षरे आली असतील: तुम्ही सापडलात. पुन्हा खेळायचे?

जमिनीवर पडलेल्या माइकमधून मला दोघांचे रडणे ऐकू आले, मग नळाचे पाणी, मग डब्याच्या झाकणाशी झटापट. "म्हटलं होतं ना, गरम पाण्यात धर," बाबा म्हणाले. त्या दिवसानंतर ती माझ्यात आली नाही. लपलेले माणूस सापडले याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे. दार आपटू नका, बिजागऱ्यांना तेल घाला, हे मागणे इतर कपाटे करतील. माझे मागणे निराळे आहे. घाबरलात तर जरूर या, बसा, धाप ओसरू द्या. पण माझ्यात मुक्काम करू नका. बाहेर कोण उभे आहे ते एकदा नीट ऐका. माझी कडी आतून आहे.