व्होल्गाची दृष्ट

माझा जावई हमदम हल्ली आमच्या अंगणात येतो तो टेप घेऊनच. सलाम नाही, चहा नाही, आधी माझ्या नवऱ्याच्या व्होल्गा गाडीची लांबी-रुंदी मोजतो. त्याला ती आपल्या चहाखान्यासमोर मांडायची आहे. इंजिन काढून त्या जागी गुलाब लावणार. लोक फोटो काढतील म्हणे. चाळीस वर्षं आमच्या मार्गिलान शहराच्या रस्त्यांवर ताठ मानेनं फिरलेली गाडी, तिची कुंडी करायला निघालाय.

नवरा गेल्यापासून तीन वर्षं गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली होती. मी माझ्या लेकीसमोर, मवलुदासमोर, शब्द देऊन बसले होते: गुरुवारी दुपारपर्यंत गाडी धड चालली तर माझी, नाहीतर जावयाची. मी दिलेला शब्द गिळत नाही.

शाळेत मी चारच वर्षं गेले, पण कोलखोझच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, कापसाच्या ट्रकवर एकोणीस वर्षं काढली. जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवं भरलं, बॅटरी बदलली, प्लग घासले. चालू झाली, पण दमेकरी म्हाताऱ्यासारखी. थरथरायची, धापा टाकायची, पाय उचलला की बंद.

गुरुवारी सकाळी हमदम एका उस्ताला, गाड्यांच्या मिस्त्रीला, घेऊन आला. पोरगेला, काखेत संगणक. त्याची वायर खुपसायला तो गाडीभर भोक शोधत राहिला.

"सापडलं का?" मी विचारलं.

"नाही, खाला. तशी सोय दिसत नाही हिला."

"माझ्या बकरीलाही नाही. तरी ती आजारी पडली की मला कळतं."

"एखादा सिलिंडर मेलाय," तो म्हणाला. "इंजिन उघडावं लागेल."

"कोणता मेलाय ते दाखव."

त्याला दाखवता येईना. मग मीच कोरड्या फडक्यानं एकेका प्लगची वायर काढून लावली. दर वेळी इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे चारही सिलिंडर राबत होते, पण चारही अर्धपोटी. चोक ओढला, पेट्रोल वाढलं, तशी गाडी शहाण्यासारखी चालू लागली. म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत शिरत होती. कुठून, तेच कळेना.

"ओयी, अकरा वाजले," हमदम म्हणाला. ओयी, म्हणजे आई, म्हणायला तो विसरत नाही. "हट्ट सोडा आता. मी रोज पाणी घालीन तिला."

तेवढ्यात मवलुदा इसिरिकच्या वाळल्या पाल्याचा धूर करून तवा घेऊन आली. तीन वर्षांनी उजेडात आलेल्या गाडीची दृष्ट काढायलाच हवी होती.

"आता धुपानं चालवणार का?" हमदम हसला. "पेट्रोलजवळ निखारे, सगळेच जाऊ."

"तू लांब उभा राहा," मी म्हटलं. "तुझ्याविना आमचं अडणार नाही."

पेट्रोल कुठंच गळत नाही, हे मी आधीच बघून घेतलं होतं. पंख्याचा वाळलेला पट्टा किंचाळायचा, इंजिनाचा आवाज ऐकू द्यायचा नाही, म्हणून तो सकाळीच काढून ठेवला होता. दोन मिनिटं पंखा फिरला नाही म्हणून इंजिन मरत नाही. वारा नव्हता, इंजिन चालू होतं. मी तवा लांब हातानं फिरवला. धूर सगळीकडून वर चढत होता. एका जागी मात्र, कार्बोरेटरच्या बुडाशी, त्याची एक बट वाकली आणि सुईत दोरा जावा तशी आत गेली.

मी तवा पुन्हा तिथं नेला. पुन्हा आत.

"खाला," उस्ता हळूच म्हणाला, "तिथलं पॅकिंग गेलंय."

"आता बोललास कामाचं."

इंजिन बंद करून कार्बोरेटर उचलला. खालचं पॅकिंग तीन उन्हाळ्यांत वाळून भेगाळलं होतं. मवलुदाच्या बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापला, तेलात भिजवला, बसवला. नट उस्तानं आवळले, न सांगता. पट्टाही चढवला. मी किल्ली फिरवली.

गाडी एका दमात चालू झाली. बॉनेटवर चहाची वाटी ठेवली, चहा जागचा हलला नाही. मवलुदा तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"बस," मी जावयाला म्हटलं.

बाजारातून, रेशीमवाल्यांच्या गल्लीतून, थेट त्याच्या चहाखान्यापुढं नेली. बाराला दहा कमी होते. गिऱ्हाईकं पेले हातात घेऊन बाहेर आली, म्हातारे तर उभेच राहिले. इंजिन मी चालूच ठेवलं, ऐकू देत सगळ्यांना. मग सगळ्यांदेखत बोलले:

"हमदम, तू माणूस वाईट नाहीस. पण कुणी धापा टाकताना दिसला की त्याचा श्वास कुठं अडकलाय ते बघायच्या आधी तू कुदळ शोधायला पळतोस. उतर आता, आणि दार हळू लाव."